उसाला चालतं ते हिरवळीला चालत नाही: सातारा-सांगलीच्या मातीत गोल्फचं गवत सांभाळायचं कसं

गवत वाढवायला काय शिकायचं, असं म्हणणारे आपल्याकडं लय भेटतात. त्यांचं चुकत पण नाही. हरळी काढता काढता आपल्याकडच्या बायकांच्या पाठी वाकल्या, ती न लावता येते, बांधावरनं उसात घुसते, नांगरली तर तुकड्या-तुकड्यानं दुप्पट होते. आणि गोल्फ कोर्सवर एवढा खर्च करून जे गवत सांभाळतात ते पण हिच्याच घरातलं, टिफड्वार्फ, टिफवे अशी नावं मोठी असली तरी सगळ्या हरळीच्याच निवडलेल्या नाहीतर संकर केलेल्या जाती. मग घोडं अडतं कुठं, तर आपल्या सवयीत. आपण ऊस करणारी माणसं, पाणी भरपूर, युरिया भरपूर, पीक हिरवंगार दिसलं की झालं. उसाला ते निभावून जातं कारण तो वर्ष-दीड वर्षात तोडून न्यायचा असतो, इथं तेच गवत तेच मुळ्या वर्षानुवर्षं त्याच जागी ठेवायच्यात आणि वरनं रोज माणसं, मशीन, ट्रॉली फिरणार. त्यामुळं खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं म्हणजे कमी करा, थांबा, हात आवरा असंच आहे.

मी वाईच्या बाजूला एका छोट्या कोर्सचं काम बघतो, आणि सांगली-मिरजकडची क्रिकेट अकॅडमीची मैदानं, फार्महाऊसवाले, लग्नाच्या लॉनवाले असे लोक विचारत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. तुमच्याकडं गोल्फ नसला तरी चालतंय, माती तीच आहे.

आधी भाषा एक करून घेऊ. ग्रीन म्हणजे झेंडा आणि भोक असतं तो एकदम बारीक कापलेला भाग, तिथं गवत तीन ते चार मिलिमीटरवर ठेवतात. टी म्हणजे जिथनं पहिला फटका मारायचा ती जागा, दहा-बारा मिलिमीटर. फेअरवे म्हणजे मधला पट्टा, बारा ते पंधरा. आणि बाजूचं रफ, चाळीस-पन्नासपर्यंत असलं तरी चालतं. बांधावरची साधी हरळी आणून तीन मिलिमीटरवर कापायला गेलात तर ती आठ दिवसात टक्कल पडून मोकळी होईल, तिला वीस-पंचवीसच्या खाली न्यायचंच नाही. ग्रीनला ड्वार्फ, म्हणजे टिफड्वार्फसारखी बुटकी जातच लागते. क्षारपट्टा असेल, म्हणजे वाळवा-पलूस-मिरजेकडं नदीकाठी पांढरं फुटलेली जमीन, तिथं सीशोर पॅस्पॅलम नावाचं गवत बघा, ते खारं पाणी हरळीपेक्षा जास्त सोसतं.

आता माती. सांगलीच्या काळ्या मातीत आणि पाचगणीच्या जांभ्यात एकच उपाय सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास, एवढा फरक फार तर शंभर किलोमीटरच्या आत. वर घाटमाथ्यावर लाल, आम्ल माती, पावसात सगळं अन्न धुऊन जाणार, चुना द्यावा लागणार. खाली सांगलीकडं काळी, चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढं, पाणी धरून बसणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्यामुळं माती परीक्षण केल्याशिवाय एक रुपयाचं पण खत आणायचं नाही, बऱ्याच साखर कारखान्यांकडं आणि कृषी खात्याकडं ते होतं, सामू, क्षारता, सोडियम आणि चुनखडी एवढं तरी बघून घ्या. पाण्याचं पण करा. नदीचं पाणी वेगळं आणि तीनशे-चारशे फुटाच्या बोअरचं वेगळं.

काळ्या मातीत गवत उपाशी मरत नाही, गुदमरून मरतं. मातीचे कण इतके बारीक की पाऊस झाला की फुगून सगळी छिद्रं बंद, हवा जायला जागाच नाही, आणि वरनं माणसं चालली की अजून दाबली जाते. हे डोळ्यानं बघायचं असेल तर ग्रीनवर भोक पाडायचा कटर असतो (भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, जगात कुठंही गेलात तरी तेवढाच) त्यानं एक गड्डा काढा आणि उभा चिरा. चांगल्या जागी पांढऱ्या मुळ्या खालपर्यंत केसासारख्या लोंबताना दिसतील आणि माती हातात फुटेल. वाईट जागी मुळ्या वरच्या दोन बोटातच थांबलेल्या, तपकिरी, खाली काळा चिकट थर, आणि नाकाजवळ नेला तर सडक्या अंड्याचा वास. तो वास आला की समजायचं, हवा संपली, आता वरनं कितीही टॉनिक मारा, काय उपयोग नाही. दर महिन्याला असा एखादा गड्डा काढून बघत जा, काढलेला परत बसवून पायानं हलका दाबला की चार दिवसात जागा कळत पण नाही.

म्हणून निचरा पहिला, बाकी सगळं नंतर. नवीन ग्रीन करताना पद्धत अशी असते की खाली पाईप, त्यावर दहा सेंटीमीटर बारीक खडी, त्यावर तीस सेंटीमीटर वाळूचा थर आणि त्यात गवत. म्हणजे ग्रीनखाली आपली माती जवळपास नसतेच. हे सगळ्यांना परवडणार नाही, फेअरवेला तर शक्यच नाही, पण उतार देणं, कडेनं चर काढणं आणि पाणी साचतं तिथं खडी भरून फ्रेंच ड्रेन टाकणं एवढं कुणालाही जमतं. क्षारपड जमिनीत जिप्सम टाका जिप्सम टाका असं जो तो सांगतो, पण जिप्सम सोडियमला मातीच्या कणावरनं सोडवतं, बाहेर काढत नाही, बाहेर काढायला पाणी लागतं आणि त्या पाण्याला खालनं जायला वाट लागते, ती वाट नसेल तर पोतीच्या पोती टाकून क्षार तिथंच फिरत राहणार.

सगळ्यात जास्त वाट कशानं लागते सांगू का, थरानं. नर्सरीवाला लॉनचं कार्पेट आणतो, त्याला खाली दोन इंच लाल माती चिकटलेली, ते तसंच वाळूवर अंथरलं की वर चिकण आणि खाली वाळू असा सँडविच होतो. पाणी वरच्या थरातच अडकतं, मुळ्या खाली उतरत नाहीत. पहिले सहा महिने झकास दिसतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळ. त्यापेक्षा जून-जुलैत कांड्या लावा, हरळीचे तुकडे पसरून वर हलकी वाळू, दोन-अडीच महिन्यात जमीन झाकते, स्वस्त पण पडतं. कार्पेटच पाहिजे असेल तर मुळाची माती पाण्यानं धुऊन घ्या. आणि नदीकाठच्या मळीचा गाळ किंवा पोयटा ‘लय सुपीक आहे’ म्हणून ग्रीनवर पसरायचा नाही. सुपीक असतोच, पण तो शेतात टाका.

छिद्रं पाडणं म्हणजे एरेशन. पोकळ दातांचं मशीन मातीच्या बारीक सुरळ्या उपसून काढतं, सात ते दहा सेंटीमीटर खोल, त्या सुरळ्या गोळा करायच्या आणि भोकात कोरडी वाळू झाडून भरायची. मशीन नसेल तर लहान जागेला बागेचा फोर्क चालतो, नुसता घुसवायचा आणि मागं थोडा दाबायचा, पण खरी सर पोकळ दातालाच. वेळ महत्त्वाची, होळीनंतर गवत जोमात आलं की पहिला हात आणि जूनच्या आसपास दुसरा, थंडीच्या तोंडावर नको कारण जखम भरायला गवत वाढतच नसतं. काळी माती फार ओली असताना तर अजिबात नको, दाताच्या कडेनं भोकाच्या भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. मुठीत दाबली की गोळा होते आणि बोट मारलं की फुटते, एवढा वापसा पाहिजे. शेतकऱ्याला वापसा सांगायला लागत नाही, मशीनवाल्याला लागतो.

वाळू पसरणं, त्याला टॉपड्रेसिंग म्हणतात, थोडी थोडी आणि वारंवार. हिशोब सोपा आहे, एका गुंठ्यावर तीन मिलिमीटरचा थर म्हणजे साधारण अकरा घनफूट, म्हणजे एका ब्रासमध्ये (शंभर घनफूट) नऊ गुंठे होतात. नदीची वाळू आता मिळणं अवघड आणि क्रश सँडमध्ये डस्ट असते, ती डस्टच खाली जाऊन सिमेंटसारखी बसते. बाटलीत थोडी वाळू घालून पाणी भरून हलवा आणि ठेवून द्या, वर गढूळ पाणी आणि वाळूवर साईसारखा थर दिसला की ती धुतल्याशिवाय वापरायची नाही. वाळूतले बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरच्या मधले असावेत. वाळू टाकल्यावर काथ्याची जुनी पायपुसणी दोरी बांधून ओढा, मस्त बसते, त्यासाठी इम्पोर्टेड ब्रश घ्यायची गरज नाही. वाळूचा दुसरा फायदा म्हणजे गवताच्या बुडात वाळक्या कांड्यांचा जो स्पंजसारखा थर होतो तो मोकळा राहतो, हा थर बारा मिलिमीटरच्या पुढं गेला की पाणी पण अडतं आणि रोग पण तिथंच बसतात.

पाण्याचं बोलू. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं गवत दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडवतं, म्हणजे गुंठ्याला पाचशे-सहाशे लिटर. ग्रीनच्या वाळूत पाणी टिकत नाही म्हणून तिथं रोज द्यावं लागतं, पण काळ्या मातीच्या फेअरवेला रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळ्या वरच राहतात, त्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदाच पण खोल मुरेल असं द्या. स्प्रिंकलर किती देतंय ते ठाऊक नसेल तर पाच-सहा सारख्या आकाराचे रिकामे डबे हिरवळीवर वेगवेगळ्या जागी ठेवून अर्धा तास चालवा आणि पट्टीनं मोजा. एका डब्यात बारा मिलिमीटर आणि दुसऱ्यात तीन, असले प्रकार सर्रास दिसतात आणि लोक मात्र कोपऱ्यातलं गवत वाळतंय म्हणून खत मारत बसतात. वेळ पहाटेची. संध्याकाळी पाणी दिलं की पानं रातभर ओली आणि बुरशीचं आमंत्रण. आता शेतीची लाईट काही दिवस रात्रीचीच असते हे मला पण माहितीये, म्हणून रात्री मोटर चालवून टाकी भरून ठेवायची आणि पहाटे छोट्या पंपावर हिरवळीला द्यायची, एवढी सोय करूनच घ्या. गवताला तहान लागली की ते सांगतं, रंग निळसर-राखाडी पडतो आणि चालल्यावर पावलाचे ठसे लवकर उठत नाहीत. तेव्हा द्या, त्याच्या आधी नको.

कापण्याचा नियम एकच, एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. गावाला जाऊन आलात, गवत गुडघ्याला लागलं आणि एका दिवसात खाली आणलं तर पिवळी-पांढरी खोडं उघडी पडणार, ते टप्प्याटप्प्यानं आणा. ग्रीनला रील मशीन लागतं, कात्रीसारखं कापणारं, रोटरी मशीन पान झोडपून तोडतं ते रफला ठीक. रीलची धार बघायची असेल तर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी रील आणि खालच्या पात्याच्या मध्ये धरून रील हातानं हळू फिरवा (मशीन बंद करून, प्लग काढून, बोटं लांब ठेवून), पूर्ण रुंदीत कागद कचकन कापला पाहिजे. कुठं चुरगळला तर तिथं धार गेली. धार गेलेल्या मशीननं कापलेली हिरवळ दुसऱ्या दिवशी दुपारी लांबनं पांढुरकी दिसते, लोकांना वाटतं रोग पडला आणि बुरशीनाशक आणायला पळतात. कुपवाड एमआयडीसीत धार लावून देणारे कारागीर आहेत, पण रीलला समान घासावं लागतं, एका बाजूला दोन सूत जास्त गेलं तरी हिरवळीवर पट्टे उठतात. दिशा रोज बदला. आणि थंडीत सकाळी कापायच्या आधी लांब दोरी दोघांनी धरून ग्रीनवरनं ओढून दव झाडून घ्या.

खतात उसाची सवय सगळ्यात नडते. गुंठ्याला एक किलो युरिया म्हणजे चौरस मीटरला साडेचार ग्रॅमच्या जवळपास नत्र झालं, वाढीच्या महिन्यात एवढं पुष्कळ आहे, ते पण दोन हप्त्यात, अर्धा-अर्धा किलो, आणि टाकल्याबरोबर पाणी. दाणे ओल्या पानावर पडून राहिले की सुईच्या टोकासारखे जळके ठिपके पडतात. जास्त नत्रानं गवत हिरवं दिसतं पण लुसलुशीत, रोगाला आवडणारं. पावसाळा संपताना पालाश द्या, थंडी आणि तुडवण सोसायला ते कामी येतं. काळ्या चुनखडीच्या जमिनीत गवत पिवळं पडतं, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, ते नत्रासाठी नाही तर लोहासाठी रडत असतं. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. फेरस सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला पंच्याहत्तर ग्रॅम, त्यात थोडं सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर फवारा, दोन-तीन दिवसात फरक दिसतो. फक्त फरशीवर उडू देऊ नका, गंजाचा डाग जात नाही.

तासगावचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीनं सांगतो. रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारायचा सल्ला कुणीही देईल, हरळीला ते चालतं पण, पण शेजारी द्राक्षबाग असेल तर त्याला हात लावू नका. द्राक्षाला त्याची वाऱ्यावरची वाफसुद्धा सोसत नाही, पानं पंख्यासारखी आखडतात, आणि एका लॉनपायी शेजाऱ्याचं वर्षाचं पीक गेलं तर काय बोलणार. तो पंप पण परत बागेत वापरायचा नाही. गाजर गवत, केना हे खुरप्यानं निघतं, काढा. लव्हाळा मात्र खुरपून वाढतो, खाली गाठींची माळ असते, वरचं ओढलं की खालच्या सगळ्या जाग्या होतात. त्याला उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन तणनाशक हरळीत पण चालतं, लेबलवरचं प्रमाण वाचून आधी एका कोपऱ्यात मारून बघा.

हुमणी. उसातली तीच हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी, हिरवळीची पण मुळं खाते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून खाली पाडून रॉकेलच्या पाण्यात टाकणं आणि प्रकाश सापळा लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त गावात एकट्यानं करून उपयोग नाही. पुढं ऑगस्ट-सप्टेंबरात ठिकठिकाणी गवत वाळलेलं, आणि साळुंक्या-बगळे एकाच जागी टोचत बसलेले दिसले की तिथं एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा करा. मुळंच नसल्यामुळं गवत चादरीसारखं उचलून येतं आणि खाली इंग्रजी सीच्या आकारात पांढऱ्या अळ्या. मेटारायझियम ही अळीला मारणारी बुरशी जून-जुलैत अळी लहान असताना, जमीन ओली असताना, संध्याकाळी द्या. अळी अंगठ्याएवढी झाल्यावर कुठलंच औषध नीट काम करत नाही.

पावसाळ्यात वर आणि खाली वेगळी दुखणी. पाचगणी-महाबळेश्वरला तीन महिने ऊनच नाही, त्यात सिल्व्हर ओकची सावली, हरळीला सहा-आठ तास ऊन लागतं, ते नाही मिळालं की ती विरळ होते आणि शेवाळ जागा घेतं. तिथं कापायची उंची पावसाच्या आधी वाढवा, खालच्या फांद्या छाटा, उघडीप मिळाली की वाळूचा हलका हात द्या. चिखलात मशीन घालू नका, वाढलं तर वाढू दे, चाकोऱ्या पडलेल्या बुजवण्यापेक्षा ते सोपं.

आणि सांगलीत पूर. आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला ते ५७ च्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. मैदान नदीकाठी असेल तर हे धरूनच चला. हरळी पाण्याखाली काही दिवस तग धरते, तिला मारतो तो मागं राहिलेला गाळ. पाणी ओसरताना गाळ ओला असतानाच लाकडी फळीनं ओढून आणि पाईपनं धुऊन बाहेर काढा, एकदा वाळून पापुद्रा धरला की टिकाव मारावा लागतो. ग्रीनवर गाळाचा बोटभर थर तसाच ठेवून वरनं वाळू टाकणं म्हणजे मघाशी सांगितलेला सँडविच हातानं बनवणं. गाळ निघाला, वापसा आला की छिद्रं पाडा, वाळू भरा, उंची वाढवून कापा, आणि गवत स्वतःहून हिरवे कोंब काढेपर्यंत युरियाचं पोतं उघडू नका.

थंडीत गवत तपकिरी पडतं, साताऱ्यात रात्री दहा-बारा अंशावर पारा आला की हरळी झोपणारच. मेलेलं नसतं, कांडी नखानं खरवडली तर आत पांढरी-हिरवी ओल दिसते. लग्नाच्या लॉनवाल्यांची नेमकी तेव्हाच घाई असते, तर त्यांनी डिसेंबरात उंची पाच मिलिमीटर वाढवा, लोहाचा फवारा द्या, आणि मांडववाल्याला सांगून प्लास्टिकचं कार्पेट रात्रीच उचलायला लावा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तसंच राहिलं तर खाली गवत शिजतं.

राहिलं ते खेळणाऱ्यांचं. चेंडू पडून ग्रीनवर खड्डा पडतो तो, खिशातला छोटा काटा खाली घालून वर उचकायचा नाही, मुळं तुटतात, कडेकडेनं काटा घालून माती मधे ढकलायची आणि पटरनं (ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी) थोपटायचं, दहा सेकंदाचं काम. फेअरवेवर ढलपी निघाली तर तिथं वाळू भरून पायानं सपाट करा. भोकाची जागा गर्दीच्या दिवसात रोज बदला, नाहीतर दर दोन-तीन दिवसांनी तरी, आणि काढलेला गड्डा जुन्या भोकात बसवताना आजूबाजूच्या पातळीला लावून बघा, वर राहिला तर उद्या सकाळी मशीन त्याची टकली करणार.